पायथ्यापासून वाचलेला रायगड

पाठ्यपुस्तकातला किल्ला बहुधा माथ्यावरूनच सुरू होतो. नगारखाना, सिंहासन, ६ जून १६७४चा राज्याभिषेक, अशा क्रमाने तो विद्यार्थ्यांच्या पाठांतरात उतरतो. आमच्या विद्यालयाच्या अभ्याससहलींनी मात्र आम्हांला किल्ला पायथ्यापासून वाचावयास शिकविले. महाडहून रायगड सुमारे २५ किलोमीटर. मोटारीने हे अंतर तासाभरात संपते. म्हणूनच आम्ही विद्यार्थ्यांसह ते दोन दिवसांत पायी चालतो.

प्रस्थान चवदार तळ्यापासून होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच पाण्याची ओंजळ घेतली. शहराबाहेर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे अजून वाचता येतात. कोरीव दगडावर नाव राहणे म्हणजे काय, हे विद्यार्थी येथेच प्रथम पाहतात.

पुढे नाते, कोंझर या गावांच्या वाटेने खोरे उलगडत जाते. डोंगरउतारावर दगडी ताली रचून अडविलेली भातखाचरे एकाखाली एक उतरत आलेली दिसतात. डिसेंबरात भात कापून झालेले असते, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि खाचरांतल्या उरलेल्या ओलीवर वाल, पावटा उगवलेला असतो. वरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी. तालीला चुना नाही. दगडाला दगड बसवून ती उभी राहते आणि पावसाने ढासळली की शेतकरी ती पुन्हा रचतो. गतवर्षी तालीजवळ थांबलेल्या एका मुलाने विचारले, “सर, गडाचा तट बांधणारे हात याच गावांतले असतील ना?” त्याचे वडील दगडखाणीत काम करतात. त्याच्या प्रश्नामागे अनुभव होता.

त्या प्रश्नासह आम्ही पाचाडला पोहोचलो. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी जिजाऊंनी येथे देह ठेवला. समाधीला वंदन करून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पायऱ्या चढू लागलो. माथ्यावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. बांधकाम करणाऱ्याचे नाव टिकावे, ही थोर गोष्ट. पण दगड फोडणारे, चुना मळणारे, ओझी वाहणारे कोणत्या पायरीवर आहेत? मराठी किल्ल्यांच्या चौकीपहाऱ्यावर महार, मांग, रामोशी, कोळी यांच्या नेमणुका असत. गडाच्या रक्षणासाठी ते विश्वासाचे होते. गावाच्या पाणवठ्यावर मात्र त्यांच्यातील कित्येकांना मज्जाव होता. हा विरोध समजून घेतल्याशिवाय स्वराज्याचा इतिहास पुरा होत नाही, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत.

गंगासागर तलावाच्या काठी आम्ही मुलांना दुसरी तारीख सांगितली. डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेब दुसऱ्या परिषदेसाठी महाडास आले, तेव्हा न्यायालयाच्या मनाईमुळे तळ्यावरील सत्याग्रह स्थगित ठेवावा लागला. परिषद आटोपल्यावर ते रायगड पाहावयास आले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास मार्च १९३७ उजाडला. खाली पाण्याचा हक्क न्यायप्रविष्ट असताना त्यांनी गडाकडे पाठ फिरविली नाही. या भूमीचा इतिहास आपलाही आहे, हे त्यांच्या त्या चढणीतून आम्हांला उमगते.

परतल्यावर आम्ही प्रवासवर्णन लिहावयास सांगत नाही. ‘माझ्या गावातील विहीर, बांध, रस्ता कोणी बांधला?’ हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे, एवढाच स्वाध्याय असतो. त्या वह्यांतून आजोबांची नावे येतात, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या आज्यांची नावे येतात. शिलालेखात ती कधी आली नसती. त्या वह्या आम्ही विद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या अवश्य येऊन वाचाव्यात.