एक आडवी रेघ

बँकेत लागलो त्या दिवशी हेडक्लार्कनी प्रथम माझं खोडरबर जप्त केलं. म्हणाले, "लेजरमध्ये खोडायचं नसतं. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही." पुढे कॉम्प्युटर आले, लेजरं माळ्यावर गेली, पण तिथंही चुकलेली नोंद पुसत नाहीत, उलटी नोंद करतात. आमचा धंदाच अरसिक!

मोबाईलवरच्या लोकप्रिय मंडळींचं तसं नाही. आपल्या मुंबईचाच रणवीर अलाहाबादिया घ्या. मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार; फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैनाच्या कार्यक्रमात आईवडिलांवरून असा प्रश्न, की देशभर गहजब! पोलीस आले, महिला आयोग आला. रैनाने कार्यक्रमाचे सगळे भाग यूट्यूबवरून उतरवले. सर्वोच्च न्यायालयाने रणवीरला कडक शब्दांत झापलं, मग ३ मार्चला सभ्यतेच्या अटीवर पुन्हा बोलायची मुभा दिली. महिनाअखेरीस स्वारी हजर! चेहरा गंभीर, आवाज मऊ, यापुढे जबाबदारीने वागायचं आश्वासन.

"बघ, नवा रंग मारून आला," मी हिला म्हणालो.

"त्याने लगेच सॉरी तरी म्हटलं. तुम्ही?"

झालं! आता सांगणं भाग आहे. २०२४च्या गणपतीत आमच्या भांडुपच्या सोसायटीत निवेदन अस्मादिकांकडे होतं. तळमजल्याच्या काकू गायल्या आणि मी माईकवर बोललो, "काकूंचा सूर म्हणजे आपली फास्ट लोकल. हव्या त्या स्टेशनावर थांबतच नाही!" हशा असा झाला, की मी दोनदा वाकून नमस्कार केला. काकूही हसल्या. पण नवरात्रात भोंडल्याला काकू गप्प. गुरुवारच्या भजनात काकू गप्प. जिन्यात बायका मला पाहून बोलणं थांबवू लागल्या.

मग मीही रंग मारला. झब्बा घालू लागलो. ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकू लागलो. काकूंचं पासबुक स्वतः नेऊन भरून आणू लागलो. सहा महिने! वाटलं, एवढ्या जमेखाली ती एक नावे नोंद गाडली जाईल.

हिच्या त्या एका शब्दावर रात्री नऊला खाली गेलो. "काकू, त्या दिवशी मी माईकवर जे बोललो, ते चुकलं. सॉरी."

काकूंनी चष्मा काढला. "अरे, एवढंच होतं, तर सहा महिने माझं पासबुक का रे नेत होतास? मला वाटलं, बँकेत काही घोटाळा आहे!"

२०२५च्या गणपतीत काकू गायल्या. गाडी याही वेळी दोन स्टेशनं सोडूनच थांबली. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता काकूंची नजर माझ्याकडे वळली, तेव्हा समजलं. रेघ मारली, सही केली. पण खालचा आकडा दोघांनाही अजून वाचता येतो.