ताट नंतर, आधी खोली

धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे

चि. भाचेबाई,


वहिनीचा फोन आला होता. तुम्ही चौघी मैत्रिणी थायलंड आणि लाओसला निघालात, तिकिटं झाली, आणि घरात सध्या एकच धोशा आहे: पोरगी तिथे खाणार काय? दशम्या किती दिवस टिकतात, मेतकूट विमानात नेऊ देतात का, तिकडे किडे तळून विकतात ते खरं का. शेवटी मला म्हणाली, "तुम्ही आरोग्य खात्यात जन्म काढलात, तुम्हीच लिहा तिला चार शब्द." फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतेस.

खाण्याचं आधी उरकते. पोट बिघडायला परदेशात जावं लागत नाही. 2024 च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात, भातसईच्या आश्रमशाळेत, दुपारच्या जेवणानंतर शंभरावर मुलांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. कुणी दगावलं नाही. असल्या प्रकारांत बहुतेकदा घड्याळच रोगाचं नाव सांगतं. खाल्ल्यावर तासा-सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर जंतूंनी अन्नातच विष तयार करून ठेवलेलं असतं. वाढणाऱ्याच्या हातावरची जखम त्याला पुरते. आपण तर भात खाणारी माणसं, म्हणून भाताचं मुद्दाम सांगते. शिजवलेला भात तासन् तास तसाच उघड्यावर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि त्याने सोडलेलं उलटीचं विष फोडणी दिली तरी जात नाही. तिकडच्या फ्राइड राइसलाही हाच नियम. साल्मोनेलासारखा जंतू असेल तर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही, ताप आणि जुलाब घेऊन येतो. समोर कढईतून उतरलेलं खा, जलसंजीवनीची पाकिटं बॅगेत ठेव, शौचातून रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवायच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नकोस. संपलं. तुझ्या आईच्या काळजीचं उत्तर एवढंच आहे.

माझी काळजी वेगळी आहे. जुलाबांनी म्हातारं माणूस जातं, तान्हं मूल जातं, अंगातलं पाणी संपलं तर कुणीही जाऊ शकतं. पण धडधाकट दोन माणसं एकाच खोलीत, एकाच रात्री, काही तासांच्या अंतराने जातात, तेव्हा ते सहसा ताटाचं काम नसतं. तरीही पहिलं बोट ताटाकडेच जातं.

2018 च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या हुरगाडा इथे हॉटेलात उतरलेले एक इंग्रज नवरा-बायको मेले. आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत. तिथल्या सरकारने जंतूंवर खापर फोडलं. गंमत अशी, की ते अगदीच खोटंही नव्हतं; सहल नेणाऱ्या कंपनीने तपासणी केली तेव्हा त्या हॉटेलच्या अन्नात आणि स्वच्छतेत खरंच खोट सापडली. स्वयंपाकघर घाणेरडं होतं, म्हणून सगळ्यांची नजर तिथेच अडकली. खरं कारण पुढे यायला पाच वर्षं लागली. 2023 मध्ये इंग्लंडच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निकाल दिला: शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी औषध मारलं होतं, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दाराची फट चिकटपट्टीने बुजवली होती. त्या औषधात डायक्लोरोमिथेन होतं. ते श्वासातून आत गेलं की शरीरातच त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्या नवरा-बायकोची नात त्यांच्याच खोलीत झोपली होती. तिला बरं वाटेना म्हणून ती रात्री आईवडिलांच्या खोलीत गेली, आणि वाचली.

ढेकणांचं औषध म्हटल्यावर तुला हसू येईल. मला येत नाही, कारण असल्या औषधाने काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. नोकरीत असताना एका वाडीवरून निरोप आला, घरातल्या सगळ्यांना उलट्या होताहेत. शेजारणी सांगत होत्या, काल वालाचं बिरडं शिळं होतं. आमचे डॉक्टर दारातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "आधी सगळ्यांना अंगणात काढा." आत भाताची पोती रचलेली, पोत्यांच्या बेचक्यांत चिंधीत बांधलेल्या गोळ्या, आणि सुक्या मासळीत लसूण ठेचल्यासारखा वास. धान्यात टाकायची ती गोळी तुला माहीत आहे, अॅल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि त्यावर उतारा म्हणून द्यायचं औषध जगात नाही. वाटेल त्याला ती विकायची नाही असा सरकारी नियम आहे. नियम काय, आहेत पुष्कळ. ती माणसं वाचली कारण घर कुडाचं होतं, भिंतीत बोटं जातील एवढ्या भेगा. सिमेंटचं असतं तर मी हे वेगळं लिहिलं असतं. चेन्नईला 2024 मध्ये उंदरांचं औषध ठेवलेल्या पक्क्या घरात दोन लेकरं गेलीच.

आणि आता तेच इस्तंबूलला. 2025 च्या नोव्हेंबरात जर्मनीहून फिरायला आलेलं कुटुंब, आईबाप आणि दोन मुलं, चौघंही गेली. रस्त्यावर भात भरलेल्या शिंपल्या खाल्ल्या होत्या, म्हणून पोलिसांनी आधी खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना धरलं. मग त्याच हॉटेलातले दुसरे पाहुणे आजारी पडले, तेव्हा लक्षात आलं की हे ताटाचं काम नसावं. तपास खालच्या मजल्यावर ढेकणांसाठी केलेल्या धुरीकडे आणि फॉस्फीनकडे वळला. तुम्ही जाणार त्या चियांग माईत 2011 च्या सुरुवातीला काही आठवड्यांत अनेक परदेशी पाहुणे असेच गेले, त्यातले काही एकाच हॉटेलातले. न्यूझीलंडच्या एका मुलीच्या बाबतीत आधी संशय बाजारातल्या समुद्री शेवाळावर गेला. न्यूझीलंडच्याच पत्रकारांनी खोलीतून नमुने नेले, त्यात क्लोरपायरिफॉसचा अंश निघाला. आपण वाळवीला मारतो तेच. थाई सरकारच्या चौकशीत मात्र ठाम काही निघालं नाही.

का निघत नाही, हे सांगते, पण हा भाग वहिनीला वाचून दाखवू नकोस. आपल्याकडे संशयास्पद मृत्यू झाला की पेपरात ठरलेलं वाक्य येतं: व्हिसेरा राखून ठेवला आहे. मग तो, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, महिने लागतात, पण जातो. परदेशात माणूस गेलं की घरच्यांना एकच घाई असते, माती लवकर घरी यावी. ती घाई मी समजू शकते. पण मृतदेह विमानात चढवण्याआधी त्यावर शवलेपन करतात, आणि त्या द्रवात फॉर्मलिन आणि बहुधा मिथेनॉलही असतं. एकदा ते नसांत भरलं की बऱ्याच विषांचा पुरावा बिघडतो. इकडे दुसऱ्यांदा विच्छेदन करून काय हाती लागणार? "अन्नविषबाधा" किंवा "हृदय बंद पडलं" असं लिहिलं की हॉटेल सुटतं, पोलीस सुटतात, पर्यटनखातं सुटतं. मी कटकारस्थान म्हणत नाही. 2019 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकन पाहुणे मरायला लागले तेव्हा केवढी आवई उठली होती. एफबीआयने ज्यांची तपासणी केली ते मृत्यू नैसर्गिक निघाले. तेही होतं. पण तपासलं, म्हणून कळलं.

लाओसबद्दल एकच बोलायचं आहे, आणि इथे हसण्यावारी नेलंस तर खरंच रागावेन. व्हांग व्हिएंगला 2024 च्या नोव्हेंबरात 6 परदेशी पाहुणे मिथेनॉलने गेले. त्यांत 19 वर्षांच्या दोन ऑस्ट्रेलियन मैत्रिणी होत्या. तू पितेस का, हे मी विचारत नाही, दादाला सांगायचा प्रश्न तर नाहीच. आपल्या वाड्यांवर मोहाची निघते, तिने संसार बुडाले, पण एका रात्रीत अख्खी आळी आंधळी झालेली मी पाहिली नाही. तसं होतं ते कारखान्याचं मिथेनॉल दारूत मिसळतात तेव्हा. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती यानेच. मिथेनॉल कपटी आहे: रात्री नशा साधीच वाटते, सकाळी डोकं दुखतं, माणूस म्हणतं झोपून काढू. तोवर यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करत असतं, आणि दुपारपर्यंत डोळ्यांपुढे पांढरं येतं. तेव्हाही कुणीतरी म्हणणारच, काहीतरी खाल्लं असेल. वेळेत मोठ्या हॉस्पिटलात पोचलं तर फोमेपिझोल किंवा डायलिसिस आहे. फुकट मिळालेला पेला, सील नसलेली बाटली, बादलीत कालवलेलं पेय, यांतलं काही नको.

खोलीत शिरलीस की आधी नाक वापर. रसायनाचा किंवा लसणासारखा वास आला तर उद्या बघू म्हणायचं नाही, खोली बदलून मागायची. नुसती खिडकी उघडून भागत नाही, शेजारी काय मारलंय ते विचार. बाथरूममध्ये गॅसचा गिझर किंवा खोलीत गॅसची शेगडी असेल तर तिथे दार लावून झोपू नका. नेपाळात दामनला 2020 च्या जानेवारीत थंडी म्हणून हीटर लावून, खिडक्या बंद करून झोपलेले केरळचे 8 जण, त्यांत 4 मुलं, उठलेच नाहीत. आणि चौघींपैकी दोघींना एकदम उलट्या किंवा चक्कर सुरू झाली, तर काय खाल्लं याची चर्चा बाहेर अंगणात करा. डॉक्टरांना खाल्लेलं सांगाल तसा खोलीचा वासही सांगा, किती वाजता सुरू झालं तेही.

हॉटेलांची नावं, तारखा, विम्याचा नंबर आणि तिथल्या दूतावासाचा फोन एका कागदावर लिहून मला आणि दादाला, दोघांनाही पाठव. दोघी-दोघी कोण कुठल्या खोलीत झोपणार ते ठरलं की तेही कळव.

तुझी,
आत्या