‘उद्या’ दडलेला शब्द

पत्रकारितेची पदविका करताना इंग्रजीच्या सरांनी एक शब्द दिला होता : प्रोक्रॅस्टिनेशन. अर्थ, चालढकल. तीनदा पाठ केला, तीनदा स्पेलिंग चुकले. ‘नंतर बघू’ म्हणून वही मिटली, ती मिटलीच!

गेल्या वर्षी भाचीला परीक्षेच्या अभ्यासात हाच शब्द अडला. शब्दकोशात व्युत्पत्ती पाहिली. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘क्रास’ म्हणजे उद्या. एवढ्या लांबलचक शब्दाच्या पोटात आपला साधा ‘उद्या’ बसलेला! भाचीला म्हटले, “मधला ‘क्रास’ धरून ठेव, पुढचं-मागचं आपोआप आठवतं.” गीतेच्या अठराव्या अध्यायातला ‘दीर्घसूत्री’ही याच जातीचा.

पलीकडे आई मेथी निवडत होती. म्हणाली, “माझ्या काशीसारखंच की गं हे!”

मी गप्प. काशीला जायचे नुसते म्हणत राहिले तरी पुण्य लागते, असे आपल्याकडे म्हणतात. मी त्याचा बारा वर्षे पुरेपूर फायदा घेतला होता. कधी दिवाळी अंक, कधी मुलाची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा.

त्याच महिन्यात तिकिटे काढली. पण शिंदे घाटाच्या उभ्या पायऱ्या पाहून आईचे हात गुडघ्यांवर गेले. सहा वर्षांपूर्वी ती सिंहगड चढली होती. अखेर रिक्षाने अस्सी घाट गाठला आणि तिथून नाव केली.

हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधवला. बांधकाम इतके भारी, की स्वतःच्याच वजनाने खचले. पुढे पुन्हा बांधावे लागले. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ चक्क तिरके उभे आहे. वर्षातले कितीतरी महिने गाभाऱ्यात पाणीच असते. नावाड्याने त्याची दंतकथा सांगितली. कोणा मुलाने आईसाठी हे बांधले आणि ‘तुझं ऋण फिटलं’ म्हणाला. तत्क्षणी देऊळ कलले. म्हणून याला मातृऋण महादेवही म्हणतात.

मी पाण्याकडे पाहत राहिले.

“बोलला ते चुकलंच,” आई म्हणाली, “पण बांधलं तर खरं, ती असताना.”

तिने वाकून ओंजळभर पाणी घेतले, डोळ्यांना लावले. मग माझ्याकडे वळून विचारले, “आता पंढरपूर कधी?”

‘दिवाळीनंतर बघू’ अगदी ओठांवर आले होते. मी पर्समधून डायरी काढली.