दमावंदला निघालो, बारडला पोचलो

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाचा डोंगर म्हणजे दंडोबा. मला मात्र शाळेपासून वेड दमावंदचं. तेहरानच्या ईशान्येला ५,६०० मीटरच्या वर गेलेला हा ज्वालामुखी इराणमधला सर्वांत उंच पर्वत. फिरदौसीने १०१० मध्ये पुरा केलेल्या ‘शाहनामा’त झोहाक नावाचा जुलमी राजा आहे. त्याच्या दोन्ही खांद्यांतून साप उगवलेले, आणि त्या सापांना रोज माणसांचे मेंदू लागत. शेवटी कावा लोहाराने आपलं चामडी आडवस्त्र भाल्याला बांधून बंडाचं निशाण केलं. फेरीदूनने झोहाकला पकडलं, पण मारलं नाही. दमावंदच्या गुहेत जखडून ठेवलं. शिखराजवळ आजही गंधकाच्या वाफा निघतात.

इराणचा खर्च झेपेना, म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. दादरला गाडी बदलून डहाणू, पुढे घोलवड. कारण फारसी काव्यात शिरलेला एक डोंगर आपल्या पालघर जिल्ह्यातही आहे: बोर्डीजवळचा बारड, पारशांचा बहरोट.

चिकूच्या वाड्यांमधून रिक्षा अस्वालीकडे निघाली. वाटेत एका इराणी बागायतदाराकडे पाणी प्यायलो. त्यांचे आजोबा यझदहून आलेले. दमावंद पाहिलात का, असं विचारलं तर म्हणाले, “नाय हो, कधी गेलोच नाय. आमचा डोंगर हाच.”

चढ अंगावर येणारा. कोवळ्या उन्हात निघूनही माथ्याखाली पोचेपर्यंत सदरा पिळून काढावा इतका भिजला. गुहेत शिरलो आणि एकदम गार वाटलं. हात टेकला तर कातळ ओलसर. डोळे अंधाराला सरावेपर्यंत कानांना फक्त स्वतःचा श्वास.

संजाणच्या पारशी वस्तीवर सुलतानाची फौज चालून आली, तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, याच डोंगरावर आणून लपवला. तो बारा वर्षं इथे राहिला. पुढे बांसदा, नवसारी असे मुक्काम करत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. यातली नवसारीपर्यंतची हकीकत तिथल्याच बहमन कैकोबाद या धर्मगुरूने १५९९ मध्ये ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये लिहिली, तीही फारसी पद्यात.

मी हिशेब मांडत बसलो. या उभ्या चढावर रोज लाकूड कोण आणत असेल? पावसाळ्यात ते कोरडं कसं ठेवत असतील? बारा पावसाळे! झोहाकला एकदा साखळदंड घातले की काम संपलं. विस्तव रोज जागवावा लागतो. म्हणून उंचीने किरकोळ असला तरी मला बारडच मोठा वाटला.

जाणार असाल तर पाऊस सरल्यावर जा, पहाटे चढा, पाणी भरपूर घ्या. आणि गुहेच्या तोंडाशी पायताण काढा.