महेश्वरच्या वाटेवरची खडखड

इंदूरहून महेश्वरला जाणारा रस्ता आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना माहेरच्या वाटेइतका परिचयाचा आहे. राऊ, महू, मानपूर, मग विंध्याचा उतार, गुजरी, धामनोद आणि अखेरीस नर्मदा. सारे अंतर नव्वदएक किलोमीटर. गेल्या मार्गशीर्षात मात्र याच वाटेवर आम्हांला मानपुरास अर्धा दिवस काढावा लागला. कारण आमची १९८८ सालची अँबेसेडर.

या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. ती विकण्याचा विषय आमच्या घरी दर दिवाळीस निघतो आणि आत्याबाईंच्या एका कटाक्षाने मिटतो. त्या दिवसांत महिनाभर पुढच्या बाजूने खडखड येत होती. शहरातील एका कारागिराने ती ऐकताक्षणी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. पैसे गेले, खडखड राहिली. वस्तुतः शॉकअप निकामी झाला की गाडी आवाजापेक्षा झोकेच अधिक घेते. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. वर येऊन ती लगेच स्थिरावली तर शॉकअप शाबूत, डोलतच राहिली तर गेला. या परीक्षेला छदामही लागत नाही. पण ती ना त्याने केली, ना आम्ही.

राऊच्या पुढे चौपदरी रस्त्याला लागताच गाडी मुकी झाली. गुळगुळीत रस्त्यावर असले दोष लपतात. म्हणून आम्ही बाहेरचा मार्ग सोडून मुद्दाम महू गावात शिरलो. बाबासाहेब आंबेडकरांचे हे जन्मस्थान. २००३ पासून गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, तरी जुनी माणसे बोलताना महूच म्हणतात. छावणीतल्या गतिरोधकांवरून आम्ही गाडी बैलगाडीच्या चालीने नेली. एकाने पुढे कान द्यायचा, एकाने मागे. मागून ‘कुरकुर’, पुढून कोरडी ‘टक’, आणि दोन्हींवर कडी करणारा एक गोंगाट, ज्याचे ठिकाणच सापडेना. पत्र्यातून आवाज वाट्टेल तसा फिरतो. डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो.

मानपूरला चहासाठी थांबलो. पुढे घाट. टपरीशेजारच्या वृद्ध मिस्त्रींनी आमची कहाणी ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, “पहले डिक्की खाली कीजिए.” जॅक, पाने, सैल बसलेली स्टेपनी आणि आत्याबाईंचा पितळी डबा बाहेर आला, गाडी दहा पावले पुढेमागे हलविली आणि गोंगाट नाहीसा! आम्ही पुरते ओशाळलो.

मग त्यांनी मागच्या पाट्यांच्या शॅकलवर तांब्याभर पाणी ओतून गाडी दाबली. कुरकुर थांबली. म्हणजे आवाज कोरड्या पडलेल्या रबरी बुशाचा. पाणी वाळले की तो परत येणार. आमचा पुतण्या तेलाचा डबा घेऊन धावला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. असल्या तेलाने रबर फुगते आणि मऊ पडून खराब होते. हा दोष त्रासाचा, पण घाताचा नव्हे.

उरली ‘टक’. चारही चाके जमिनीवर, इंजिन बंद. पुतण्याने स्टेअरिंग दोन बोटे डावीउजवीकडे हलवायचे आणि मिस्त्रींनी खाली एकेक सांधा मुठीत धरून पाहायचा. डाव्या टाय रॉडच्या टोकाशी ते थांबले. रॅकची हालचाल चाकापर्यंत नेणारा हा दांडा. त्याच्या टोकाच्या गोळीवरचे रबर फाटून आत धूळ गेली होती. आम्हांलाही त्यांनी हात लावायला लावला. स्टेअरिंग हलले की आधी ‘टक’ बोटांना लागे आणि मग चाक हले. खात्रीसाठी चाक जॅकवर उचलले. आडवे धरून हलविले तर ढिले, वरखाली धरून हलविले तर घट्ट. वरखालीही हलले असते आणि ब्रेक दाबताच घट्ट झाले असते, तर तो बेअरिंगचा दोष.

“हळूहळू गेलो तर?” आम्ही विचारले. पासष्ट वर्षांच्या त्या माणसाने नुसतेच घाटाकडे बोट दाखविले. मागून मालमोटारी रेटत असतात, आणि तो सांधा निसटला तर डावे चाक स्टेअरिंगचे ऐकणार नव्हते. आत्याबाईंचे वय त्र्याऐंशी. गुडघ्यांपायी तीन वर्षे त्यांचे महेश्वर चुकले होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. “नर्मदा कुठं पळून जात नाही,” त्या म्हणाल्या आणि बाकावर माळ घेऊन बसल्या.

पुतण्या बसने इंदूरला जाऊन सुटा भाग घेऊन आला. मिस्त्रींनी सांध्याच्या कडेला दोन हातोड्यांचे घाव घालून जुने टोक सोडविले, ते किती फेऱ्यांत उलगडले हे मोजले, आणि नवे तेवढ्याच फेऱ्यांत बसविले. म्हणजे चाकांची दिशा फारशी चुकत नाही. तरी परतल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या, असे त्यांनी दोनदा बजावले.

घाट आम्ही काचा उघड्या ठेवून उतरलो. टक नव्हती. १७९५ पर्यंत जिथून अहिल्याबाईंनी राज्यकारभार केला, त्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नदीतले बाणेश्वराचे देऊळ अंधुक दिसत होते. दोघांच्या आधाराने आत्याबाई पायऱ्या उतरल्या, तांब्या भरला, आणि बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना मागून पुन्हा कुरकुर सुरू झाली.

“आता हे काय?”

“शॅकलचं रबर, आत्या.”

“मग चालू दे,” त्या म्हणाल्या आणि तांब्या मांडीवर सावरून झोपी गेल्या.