डबीतला माणूस

अहो, त्या डबीत माणूस आहे! साबणाच्या डबीएवढी प्लास्टिकची डबी, आत १५०० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर: ही झाली कातडी. पुढे ५०० ओहमचा आणखी एक रेझिस्टर: हे आतलं शरीर. आयईसी ६०९९० या आंतरराष्ट्रीय मानकातला माणूस एवढाच. किंमत चहाच्या कपाइतकीसुद्धा नाही!

मे महिन्यात नंदुरबारच्या कूलरवाल्या भाऊंकडे रांग असते आणि निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच: ‘भाऊ, करंट मारतो.’ आजवर मी टेस्टर लावायचो. दिवा पेटला की करंट, विषय संपला. त्या दिवशी भाऊंनी टेस्टर आधी माझ्या लॅपटॉपच्या पत्र्याला लावला. पेटला! मग कूलरला. तिथेही पेटला! ‘आता सांगा, मारणारा कोणता?’

मग डबी काढली. एक टोक पत्र्याला, दुसरं अर्थिंगला, आणि ५०० ओहमवर मल्टिमीटर. ०.५ व्होल्ट दिसले की समजायचं, १ मिलिअँपिअर. लॅपटॉप: ०.०८ व्होल्ट, म्हणजे ०.१६ मिलिअँपिअर. अडॅप्टरमधला छोटा कपॅसिटर तेवढं सोडतोच. झिणझिण्या येतील, बस्स. कूलर, अर्थिंगची वायर काढून: ४.१ व्होल्ट! ८.२ मिलिअँपिअर! जागेवर ठेवायच्या, अर्थिंगवाल्या मोटरच्या उपकरणाला मर्यादा ३.५ ची.

आणि ८.२ म्हणजे काय? बर्कलेच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले होते. जवळजवळ सगळ्या पुरुषांना ९, स्त्रियांना ६ मिलिअँपिअरपर्यंत पकड सोडवता येते. त्यापुढे हात चिकटला तर चिकटला. ओल्या फरशीवर, अनवाणी, कूलरमध्ये पाणी ओतणारं माणूस घरातलं कोण असतं, हे मी सांगायला नको.

मला तर मोजायचं वेडच लागलं. भाऊंनी फेज-न्यूट्रल उलटे करून परत मोजायला लावलं, कारण आकडा बदलतो आणि मोठा असेल तोच धरायचा. प्लास्टिकच्या मिक्सरला अल्युमिनियमचा कागद चिकटवला, जास्तीत जास्त २० बाय १० सेंटिमीटर: मानकातला तळहात! प्रयोगशाळेत तर मोटरच्या उपकरणाला व्होल्टेजही ६ टक्के चढवून देतात, २३० ऐवजी २४४.

पण खरी मजा पुढे. भाऊंनी कूलरच्या पंख्याची वायर काढली; आकडा जागचा हलला नाही. पंपाची काढली, आणि ४.१ वरून काटकन ०.१५! चोर सापडला. पाण्यात बसून बसून पंपाचं वाइंडिंग ओलं झालेलं. नवा पंप, पुन्हा डबी, ०.२. भाऊंनी थ्री-पिनमध्ये अर्थिंगची वायर परत आवळली आणि गिऱ्हाइकाला विचारलं, ‘घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे ना? का मोठं भोक नुसतंच?’

मी तोवर पुढच्या इस्त्रीला डबी जोडत होतो.