एकाच मापाचे रिपोर्ट

२ जून

आज ओपीडीत पन्नाशी उलटलेली एक बाई. दोन दिवस मळमळ, पाठीत आणि जबड्यात ठणका, चार पावलं टाकली की धाप. नवरा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, पित्तच हाय तिचं. जुनं हाय. गोळी द्या, दीडची येष्टी गाठायचीय." बाईंनी मान डोलावली. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. ॲस्पिरिन चावायला लावली, ॲम्ब्युलन्स बोलावली, अँजिओग्राफीची सोय आहे तिथे रवाना केलं. नवरा शेवटपर्यंत "पण छातीत कुठं दुखतंय तिच्या?" म्हणत होता.

बायकांचा अटॅक अगदीच निराळा असतो, असं अलीकडे मोबाईलवर फिरतं. तेही अर्धवटच. बहुतेक बायकांच्याही छातीत दुखतंच. पण जोडीला मळमळ, धाप, पाठ आणि जबड्याचं दुखणं त्यांच्यात जास्त दिसतं, आणि पुष्कळ जणी तेवढंच सांगतात. इंटरहार्ट हा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली आला. त्यात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी ९ वर्षं उशिरा आलेला दिसला. या उशिरामुळेही बाईच्या तक्रारीला हृदयाची शंका कोणी घेत नाही, डॉक्टरही नाही.

हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. नव्या संवेदनशील तपासणीच्या एका प्रचलित किटमध्ये पुरुषांची मर्यादा लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम, बायकांची १६. निम्म्याहून कमी. कित्येक रिपोर्टांवर अजून दोघांना मिळून एकच आकडा छापलेला असतो.

६ जून

सत्तर वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो. सुनेने रिपोर्ट पुढे केला : "क्रिएटिनिन १.२. नॉर्मल लिहिलंय, मॅडम." १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावून पाहिलं. आजींची किडनी मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास रक्त गाळते. हाच १.२ चा आकडा चाळिशीतल्या ७० किलोच्या गड्याचा असता तर उत्तर ८१ आलं असतं. यातला बराचसा फरक वयाचा आणि वजनाचा, बाईपणाचा म्हणून सूत्र आणखी १५ टक्के कापतं, कारण स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होतं. गंमत अशी की हे सूत्र ज्या रुग्णांवरून बसवलं ते जवळजवळ सगळे पुरुष होते. आजींची मधुमेहाची गोळी बदलली, गुडघ्यासाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या.

औषधांच्या बाबतीत बायकांना मापातून वगळणं हे जुनंच दुखणं. अमेरिकेत १९७७ पासून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं होतं. काळजी गर्भाची होती, हेतू वाईट नव्हता. १९९३ मध्ये ते धोरण बदललं. झोपेची झोल्पिडेम ही गोळी तिथे वीस वर्षं विकली गेल्यावर, २०१३ मध्ये, लक्षात घेतलं गेलं की बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते आणि गाडी चालवणं धोक्याचं होतं. बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला.

१४ जून

रक्तदान दिन. कॉलेजच्या हॉलमध्ये शिबिर. मुली उत्साहाने रांगेत, आणि टेबलापाशी बोटाला सुई टोचली की एकामागून एक परत. "मॅडम, मी आजारी आहे का?" एकीचं हिमोग्लोबिन १२.२. तिला म्हटलं, अजिबात नाही.

जागतिक आरोग्य संघटना स्त्रियांना १२ च्या खाली आणि पुरुषांना १३ च्या खाली ॲनिमिया धरते. आपल्याकडे रक्तदानाची अट मात्र दोघांना सारखीच, १२.५. म्हणजे १२.२ ची ही धडधाकट मुलगी घरी, आणि १२.७ चा मुलगा, जो खरं तर ॲनिमिक, तो रक्त देऊन बिस्किटं खातोय. दोन रक्तदानांतलं अंतर ठरवताना फरकाची आठवण राहिलेली दिसते : पुरुषांना तीन महिने, बायकांना चार.

१२ आणि १३ मधली ही एका ग्रॅमची तफावत निसर्गाची. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी अधिक बनतात, इकडे महिन्याच्या महिन्याला पाळीत रक्त जातं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, पुरुष २२ टक्के. याचं खापर त्या ग्रॅमवर फोडता येत नाही, तो तर मोजपट्टीतून आधीच वजा केलेला आहे. पाळी आणि बाळंतपणं यांचा वाटा आहे. उरलेला, सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहतं ते खाणाऱ्या बाईच्या ताटाचा आहे. ज्या मुली परत गेल्या त्यांना सरसकट लोहाच्या गोळ्या न वाटता आधी नीट तपासा, असं प्राध्यापकांना सांगून आले.

१७ जून

दादाकडे जेवायला. पुतणीला अकरावीला गणित घेऊन पुढे इंजिनिअरिंगला जायचंय. दादाचं म्हणणं, "बायो घे. मुलींना ते झेपतं. गणिताचं डोकं वेगळं असतं." पुतणी माझ्याकडे बघायला लागली, आत्या काय बोलते म्हणून.

जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली स्त्री-पुरुष फरकांवरचे ४६ मोठे एकत्रित आढावे तपासले. ७८ टक्के बाबतीत फरक किरकोळ किंवा नसल्यासारखाच. गणितातही तसंच. ठळक राहिले ते थोडे : चेंडू किती लांब आणि किती जोरात फेकतो, शारीरिक आक्रमकता, लैंगिक वर्तनातल्या काही गोष्टी. ठोकळ्यांची आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायची एक चाचणी आहे, तिच्यात मुलगे सरासरीने पुढे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरावाने दोघांचेही गुण वाढतात, हेही तितकंच खरं. आणि सरासरीवरून समोर बसलेल्या एका पोरीबद्दल काहीच कळत नाही. ओपीडीत जिथे फरक आहे तिथे आम्ही तो विसरतो, आणि जेवणाच्या टेबलावर, जिथे तो नावापुरता आहे, तिथे पोरींचे विषय ठरवतो.

मंगला नारळीकरांचं नाव काढलं. लग्न, मुलं, संसार यानंतर त्यांनी गणितातल्या अंक सिद्धांतात पीएच. डी. केली. दादा म्हणाला, "त्या अपवाद." दादाला गाडी रिव्हर्स लावताना मागे वहिनी उभी लागते, हे मी बोलले नाही. वहिनी बोलली.

२१ जून

दुपारपासून पाऊस, पेशंट नाहीत. ताराबाई शिंदे पुन्हा काढल्या. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला तान्ह्या बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी एकेक दोष उचलून विचारलं, हा पुरुषांत नाही काय? पुस्तक पुढे विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं.

ताराबाईंनी लिहिलं त्याच्या थोडं आधी पॅरिसमध्ये पॉल ब्रोका मेंदूंची वजनं करत होते. पुरुषांची सरासरी १,३२५ ग्रॅम, बायकांची १,१४४. शरीर लहान तर मेंदू लहान, हे त्यांना ठाऊक होतं. तरी बायकांची बुद्धी मुळात थोडी कमी, हे त्यांनी गृहीत धरलं आणि वजनाचा काही भाग तिच्या खात्यावर टाकला. ताराबाईंचा सवाल त्या तराजूलाही लागू पडतो.

आजचे लोक एमआरआय करतात. २०१५ मध्ये तेल अवीवच्या डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १,४०० हून अधिक मेंदू पाहिले. सगळे भाग 'बायकी' किंवा सगळे 'पुरुषी', असा मेंदू क्वचितच सापडला, बहुतेकांत सरमिसळ. टीकाकारांनी दाखवलं की सगळी मापं एकत्र घेतली तर संगणक मेंदू बाईचा की पुरुषाचा हे बऱ्यापैकी ओळखतो. मला दोन्ही पटतं. ओळखता येणं वेगळं, त्यावरून कुवत ठरवणं वेगळं.

२६ जून

ऊसवाला शेतकरी, चाळिशीचा. तक्रार कंबरेची. एक्स-रे स्वच्छ. बायको मागून म्हणाली, "रातभर जागत्यात, बाई. पोरांच्या अंगावर वसकन जात्यात. हल्ली घ्यायलाबी लागल्यात." तो तिच्यावर डाफरला, "तू गप बस."

निराशेच्या आजाराचं निदान बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. हार्मोन्स, घरातला जाच, आणि बायका बोलतात, सगळंच त्यात आलं. पण २०२१ मध्ये देशात ज्यांनी जीव दिला त्यांत १०० मागे ७२ पुरुष होते. त्यांची निराशा आम्हाला कंबरदुखी, दारू, संताप या वेशात भेटते, आणि आम्ही मलम लिहून देतो.

बायकोला बाहेर बसवलं. कर्ज किती, असं सरळ विचारलं. बराच वेळ जमिनीकडे बघत होता. जीव नकोसा होतो का, हेही विचारलं. "मधनं मधनं," म्हणाला. घरातलं तणनाशक भावाच्या घरी कुलपात ठेवायचं, हे बायकोला आत बोलावून त्याच्यासमोरच सांगितलं. साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, परवाची वेळ मिळाली. बायको सोबत जाईल म्हटल्यावर तो म्हणाला, "गाडीवर आणतो की तिला. पर आत मी एकलाच जाणार." चालेल म्हटलं.